काचघराबाहेरचा ताड

ताडकुळातील सुमारे 2,500 जातींपैकी बहुतेक उष्ण कटिबंधातच वाढतात. माड, ताड, पोफळ, भेर्ली माड ही कोकणातली ओळखीची झाडे याच कुळातली. या झाडांना कडाक्याची थंडी का सोसत नाही, हे त्यांच्या रचनेवरून कळते. आंब्या-फणसाची एक फांदी गेली तर दुसरी फुटते; ताडकुळातल्या बहुतेक झाडांना मात्र शेंड्याकडे एकच वाढता कोंब असतो. तो गोठला किंवा कुजला, की उभे झाड मरते. ‘कोंब कुजणे’ हा रोग नारळाच्या बागायतदाराला पावसाळ्यात भेडसावतो, थंड देशांतल्या माळ्याला हिवाळ्यात.

युरोपच्या मुख्य भूमीवरचा मूळचा रानटी ताड एकच: भूमध्य समुद्राकाठचा बुटका कॅमेरॉप्स ह्यूमिलिस. इटलीतील पादुआच्या वनस्पती उद्यानात 1585 मध्ये लावलेले त्याचे एक झाड अजून जिवंत आहे. जर्मन कवी ग्योटे याने ते 1786 मध्ये पाहिले आणि त्याच्या पानांच्या बदलत्या आकारांवरून वनस्पतींच्या रूपांतराविषयीचे आपले विचार मांडले. हे झाड आजही अष्टकोनी काचघरात आहे. आल्प्सच्या उत्तरेला तर ताड म्हणजे काचघरातली वस्तू, अशीच समजूत रूढ झाली होती. लंडनजवळच्या क्यू उद्यानात 1844 ते 1848 या काळात लोखंड आणि काच वापरून उभारलेले प्रचंड ‘पाम हाउस’ याच समजुतीतून आले.

ही समजूत मोडली ती चिनी-जपानी डोंगरउतारांवरच्या एका झाडाने. दक्षिण चीनच्या डोंगरांत ते सुमारे 2,400 मीटर उंचीपर्यंत आढळते. पंख्यासारखी पाने आणि खोडाभोवती तपकिरी काथ्याचे दाट वेष्टन ही त्याची खूण. शेतकरी ते झाड शोभेसाठी लावत नसत. खोडावरचा काथ्या सोलून त्याचे दोर, झाडू, ब्रश आणि पावसात अंगावर घ्यायचे झगे बनवत. कोकणात भातलावणीच्या वेळी इरले जे काम करी, तेच चीनमध्ये हा काथ्याचा झगा करी.

जपानमध्ये डच व्यापाऱ्यांच्या नोकरीत असलेला जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्फर याने या झाडाची माहिती 1712 मध्ये ग्रंथात दिली. फिलिप फॉन सीबोल्ड या दुसऱ्या वैद्यामार्फत 1830 मध्ये ते जपानहून युरोपात पोहोचले. पण तिथेही ते काचेखालीच राहिले. जपानातला हिवाळा सोसणारे झाड उघड्यावर लावून पाहावे, हे कोणाच्या फारसे मनात आले नाही.

पहिल्या अफू युद्धानंतर 1842 च्या नानजिंग तहाने चीनची बंदरे उघडली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश माळ्याला तिकडे पाठवले. चुसान, म्हणजे आजच्या झौशान, बेटावर त्याला हा ताड भेटला. बर्फ पडणाऱ्या मुलखात तो बिनआडोशाचा उभा असलेला पाहून इंग्लंडमध्येही तो तगेल, असे त्याने ताडले. 1849 मध्ये त्याने काही रोपे क्यूला पाठवली आणि त्यांतले एक प्रिन्स अल्बर्टच्या वाइट बेटावरील ऑसबर्नच्या बागेला द्यावे, असे कळवले. अंदाज खरा ठरला.

नावाचा घोळ मात्र बराच काळ चालला. बागांमध्ये झाड ‘कॅमेरॉप्स एक्सेल्सा’ म्हणून ओळखले जाई. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर याने 1860 मध्ये त्याला फॉर्च्युनचे नाव दिले आणि हर्मान वेन्डलँड याने ट्रॅकिकार्पस ही वेगळी प्रजाती मानली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘खरबरीत फळाचा’. ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी हे आजचे नाव असे घडले.

फॉर्च्युनचे नाव हिंदुस्थानात मात्र चहामुळे माहीत आहे. 1848 पासून त्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे आणि बिया हिमालयातील मळ्यांकडे धाडल्या. ज्या कुमाऊँमध्ये चहाचे मळे वाढत होते, तिथल्याच डोंगरांत या ताडाचा एक भाऊबंद बर्फ झेलत उभा होता. पिथोरागडजवळच्या थालकेदार डोंगरावरील या जातीला इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी याने 1905 मध्ये ट्रॅकिकार्पस टाकिल असे नाव दिले. आसामच्या बाजूला, खासी टेकड्यांतही याच प्रजातीची आणखी एक जात आहे.

मोठे झालेले ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी उणे 15 अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी थोडा काळ सोसते. अमेरिकेच्या आग्नेय भागातला सुईताड, म्हणजे ऱ्हॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स, याहूनही काटक. पण तो झुडपासारखा ठेंगणा राहतो आणि त्याला उन्हाळा कडक लागतो. ट्रॅकिकार्पसला इंग्लंडचा थंड, ओलसर उन्हाळाही चालतो, हे त्याच्या प्रसाराचे खरे कारण.

त्याचा मोठा वैरी म्हणजे थंडी आणि ओल यांची जोडी. शेंड्यात साचलेले पाणी गोठले, की कोवळ्या कोंबाला इजा होते आणि पुढे बुरशी लागते. मधल्या मिटलेल्या पानाची सुरळी हलक्या ओढीनेच हातात आली, तर आतला गाभा कुजला असे माळी समजतात. म्हणून कडक हिवाळ्याच्या मुलखात पाने वर गोळा करून बांधतात, शेंड्यावर पाऊस पडू देत नाहीत आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर देतात. कुंडीतल्या झाडाची मुळे आधी गोठतात, म्हणून कुंडीलाही गुंडाळावे लागते. खोडावरचा काथ्या साफ न करता तसाच ठेवणे हिताचे, कारण झाडाची घोंगडी तीच.

इंग्लंडच्या टॉर्कीसारख्या किनारी गावांनी पर्यटकांना खुणावण्यासाठी ताड उभे केले; पण तिथे ‘टॉर्बे पाम’ म्हणून मिरवणारे झाड न्यूझीलंडचे कॉर्डिलाइन ऑस्ट्रॅलिस आहे. ते ताडकुळातलेच नाही. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो प्रांतात मात्र फॉर्च्युनचाच ताड सरोवरांकाठच्या बागांत लागला आणि प्रांताची ओळख बनला. तिथे त्याला तिचिनोचा ताड म्हणतात.

पुढे हिवाळे सौम्य होत गेले. पक्ष्यांनी निळसर काळी फळे खाऊन बिया रानात टाकल्या आणि सावलीतही रोपे वाढू लागली. माज्जोरे सरोवराच्या म्हणजेच लागो माज्जोरेच्या उतारांवर काही ठिकाणी चेस्टनटच्या रानाखाली ताडांची दाटी झाली आणि स्थानिक झाडांच्या रोपांना जागा उरेनाशी झाली. ज्याला बर्फातून वाचवण्यासाठी माळी धडपडत, तेच झाड उपटण्याची मोहीम काढावी लागली. 1 सप्टेंबर 2024 पासून स्वित्झर्लंडमध्ये या ताडाची विक्री, आयात आणि भेट म्हणून देणे कायद्याने बंद आहे. आधीच लावलेली झाडे मात्र ठेवता येतात.