कंदिलाच्या उजेडातला ‘वीरधवल’

संध्याकाळी बदलापूर स्टेशनवर लोकल रिकामी होते. शेअर रिक्षात तिघांच्या मध्ये अंग चोरून तुम्ही कात्रपला येता. आज माळा साफ करायचा आहे. ट्रंकेतून आजोबांची धोतरं, पंचांगं, फुटकी दौत निघते आणि तळाशी एक जाड पुस्तक. कव्हर नाही, शिवण उसवलेली, पानं पापडासारखी. एका पानाच्या कोपऱ्यावर चुन्याचं बोट उमटलेलं आहे. पान खाता खाता कुणीतरी घाईने पुढचं पान उलटलं असणार. त्याच डागावर तुम्ही बोट टेकवता.

गच्चीवरच्या टाक्या दिसेनाशा होतात. समोरची इमारतही. तुम्ही कात्रपच्याच मातीवर उभे आहात, पण साल 1913 आहे. चहूकडे भातखाचरं आणि बेडकांचा गलका. लांबून वाफेच्या इंजिनाची शिटी येते. हा लोहमार्ग 1856 मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत गेला. विजेची गाडी यायला अजून बरीच वर्षं आहेत. गाडीतून मुंबईत नोकरीला असलेला गावचा पोरगा उतरतो. त्याच्या वळकटीत नवं कोरं पुस्तक आहे, नाथमाधवांचं ‘वीरधवल’.

रात्री ओटीवर कंदील येतो. तुम्ही खांबाला टेकून बसा, इथे कुणी तुम्हाला हटकणार नाही. पोरगा मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात, कारण अक्षरओळख असलेला तो एकटाच आहे. बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसल्या आहेत. राजघराणी, कपटकारस्थानं, संकटात सापडलेलं प्रेम. दर प्रकरणाच्या शेवटी एक गाठ बसते आणि ती सुटेपर्यंत कुणी जागचं उठत नाही. काच काजळते. म्हातारी आतून म्हणते, “अरे, तेल संपंल, उद्या वाच.” पोरगा मान डोलावतो आणि वाचतच राहतो.

आता या ओटीवरून थोडं मागे चला. हे लिहिणारा माणूस तुम्ही पाहायलाच हवा.

1905 च्या सुमाराचा सिंहगड. द्वारकानाथ माधव पितळे, मुंबईत तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करणारा, विशी ओलांडलेला तरुण, शिकारीला आला आहे. त्याचा पाय सुटतो आणि तो कड्यावरून खाली कोसळतो. जीव वाचतो, कमरेखालचं शरीर निकामी होतं. पुढचं सगळं आयुष्य अंथरुणावर काढायचं आहे. तो हातात लेखणी घेतो. स्वतःच्या नावातला ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातला ‘माधव’ जोडून नवं नाव घेतो. 1908 मध्ये ‘प्रेमवेडा’ येते, पाच वर्षांनी ‘वीरधवल’.

त्याच 1908 मध्ये अमेरिकेत मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट या बाईंची ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ पुस्तकरूपात आली. एकांतातलं भाड्याचं घर, खून आणि त्यात गुंतलेल्या तरुण जोडप्यांची प्रेमं. बाई शिकलेल्या परिचारिका, नवरा डॉक्टर. 1903 च्या शेअरबाजाराच्या पडझडीत घरची पुंजी बुडाली आणि संसार सावरायला त्यांनी लिहायला घेतलं. नाथमाधव आणि या बाई, दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही. दोघांनीही पडल्यावर लिहिलं, आणि वाचकाला रात्रभर जागवेल असंच लिहिलं.

समीक्षकांनी अशा कादंबऱ्यांना ‘रंजनपर’ म्हणून बाजूला बसवलं. मला हे कधीच पटलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने उभी राज्यं रचली. त्याच्या कथेची गोडी लागली म्हणून कितीतरी घरांतली माणसं अक्षरांकडे वळली असतील. हे काम थोर ग्रंथांहून हलकं मानायला मी तयार नाही. नाथमाधवांनी पुढे ‘डॉक्टर’सारखी सामाजिक कादंबरीही लिहिली, शिवकालावरही लिहिलं, आणि 1928 मध्ये ते गेले. वय जेमतेम शेहेचाळीस.

ओटीवर पहाट व्हायला आली आहे. पोरगा पानाचा कोपरा धरतो, त्याच्या बोटाला चुना आहे.

तुम्ही परत माळ्यावर. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत आहेत, घरातून कुणीतरी विचारतं, “काय सापडलं का रे?”

सगळ्यांत जास्त वाचली गेलेली पुस्तकंच सगळ्यांत आधी फाटतात, म्हणून ती सर्वांत कमी उरतात. याच बदलापुरात श्याम जोशी यांनी जुनी, दुर्मिळ मराठी पुस्तकं गोळा करत ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभं केलं. तुमच्याही ट्रंकेत असं बिनकव्हराचं पुस्तक असेल, तर ते रद्दीच्या काट्यावर चढवू नका. आधी मोठ्याने एक प्रकरण वाचा, मग जुनी पुस्तकं जपणाऱ्या एखाद्या वाचनालयात नेऊन द्या.