वनप्रदेशातील धान्याहार (चंद्रपूर–गडचिरोली)

विदर्भाच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत थोडे धान्य वर्षभर पुरविण्यासाठी रूढ झालेली आहारपद्धती. जुन्या चंद्रपूर (चांदा) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वीचा इतिहास दोहोंचा समाईक आहे. धान, ज्वारी, कोदो–कुटकीसारखी भरड धान्ये, लाखोळीची डाळ आणि जंगलातील फुले, कंद व भाज्या हे या आहाराचे प्रमुख घटक होत. यांतील धान्याने पोट भरते. परंतु पोषणाची पूर्तता बव्हंशी वनान्नाने होत आली आहे. त्यामुळे या आहाराचा इतिहास हा जंगलावरील हक्काच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

भूमी व पिके : वैनगंगेच्या खोऱ्यातील ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या भागांत धान हे मुख्य पीक असून ते मोठ्या प्रमाणावर तलावांच्या पाण्यावर होते. चांद्याच्या गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची प्रथा होती, असे परंपरा सांगते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाची विशेष ख्याती आहे. हलके धान लवकर व भारी धान उशिरा तयार होते. दोन्ही लावल्याने जुने धान्य संपण्याच्या सुमारास नवे हाती येऊ लागते. पश्चिमेकडील वरोडा, भद्रावती भागांतील काळ्या जमिनीत ज्वारी पिकते. भामरागड, एटापल्लीच्या डोंगराळ जंगलात माडिया लोक पूर्वी ‘पेंडा’ ही फिरती शेती करीत. झाडेझुडपे तोडून जाळावयाची व त्या राखेत भरड धान्ये पेरावयाची, अशी तिची रीत होती.

कोदो (कोद्रा, हरीक) हे हलक्या जमिनीत व अल्प निगेत येणारे धान्य असून टरफलासह ठेवल्यास ते अनेक वर्षे टिकते. त्यामुळे दुष्काळाची शिल्लक म्हणून त्यास महत्त्व होते. मात्र कापणीच्या वेळी ते भिजून त्यावर बुरशी वाढल्यास खाणाऱ्यास गुंगी व उलट्या होतात. त्याचे टरफल चिवट असल्याने ते वारंवार कांडावे लागते. हे काम उखळ-मुसळाने स्त्रियाच करीत. पैशाने स्वस्त असलेले हे धान्य श्रमाने महाग होते आणि ही किंमत घराच्या हिशेबात क्वचितच धरली गेली.

पेज व आंबील : धान्य पुरविण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पाणी. मूठभर तांदूळ, कण्या किंवा कुटकी भरपूर पाण्यात शिजवून पातळ पेज करतात. गोंडी बोलणाऱ्यांत तिला ‘जावा’ म्हणतात. ज्वारीचे पीठ आंबवून आंबील करतात. शेतावर वा जंगलात जाताना भोपळ्याच्या तुंब्यातून पेज नेण्याची चाल होती. उन्हाळ्यात ती तहान व भूक दोन्ही भागविते. पेजेचे पाणी फेकले जात नसल्याने शिजताना पाण्यात उतरलेली पोषकद्रव्येही वाया जात नाहीत. तथापि या उपायास मर्यादा आहे. पाण्याने धान्याचे आकारमान वाढते, सत्त्व वाढत नाही. प्रौढ माणूस अधिक वेळा पिऊन तूट भरून काढू शकतो. लहान मुलाचे पोट मात्र गरजेइतकी ऊर्जा मिळण्यापूर्वीच भरते. म्हणून पेजेबरोबर डाळ, भाजी, मासे अथवा तेलबिया असणे आवश्यक ठरते.

वनान्न : ही जोड जंगलाने पुरविली. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचून वाळवितात. ती भाजून, उकडून किंवा तिळाबरोबर कुटून खातात. त्यांत शर्करा भरपूर, प्रथिने मात्र अल्प असतात. मोहाच्या बियांपासून (टोळी) खाद्यतेल मिळते. उन्हाळ्यात टेंभरे व चारोळी, पावसाळ्याच्या आरंभी तरोट्याची कोवळी पाने, त्यानंतर बांबूचे वास्ते व सात्या (वारुळावरील अळिंबी) असा क्रम असतो. कडू कंद चिरून, उकळून व वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा काढतात. घरातील धान्य संपत येण्याचा काळ आणि वनान्नाचा हंगाम बऱ्याच अंशी एकत्र येतात. नवे फळ वा धान्य ‘पंडुम’ हा विधी झाल्याशिवाय न खाण्याचा नियम गोंड व माडिया समाजांत आहे. त्यामुळे अपक्व फळांची तोड टळते.

लाखोळी : धानाच्या कापणीपूर्वी काही दिवस उभ्या पिकातच लाखोळी फेकून पेरतात. बांधीत उरलेल्या ओलीवर, नांगरणी किंवा पाणी न देता ती वाढते. अशी जवळजवळ बिनखर्चाची व प्रथिनयुक्त डाळ गरिबाच्या घरी सहज पोहोचली. अवर्षणात इतर पिके बुडाली, तरी ती तग धरते. यातच तिचा धोकाही आहे. आहाराचा मोठा भाग ती महिनोन्‌महिने झाल्यास पायांतील शक्ती कायमची जाते. आयुर्वेदात या विकारास ‘कलायखंज’ म्हटले आहे. विल्यम स्लीमनने सागर भागात १८३० च्या सुमारास ही आपत्ती नोंदविली. मध्य प्रांतातील १८९६ ते १९०२ या दुष्काळी कालखंडातील पंगुत्वाची पाहणी अँड्रू ब्यूकॅनन या वैद्यकीय अधिकाऱ्याने केली. तिच्यातील विषारी द्रव्य १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे केले. त्यापूर्वीच, १९६१ मध्ये, केंद्रीय नियमांद्वारे तिच्या विक्रीवर बंदी आली होती. लागवड मात्र चालूच राहिली. महाराष्ट्राने ही बंदी २००८ मध्ये उठविली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो. मिश्र आहारातील थोडी लाखोळी सहसा अपाय करीत नाही. अपाय घडतो तो दुसरे काहीच उरत नाही तेव्हा. म्हणून या पंगुत्वाचे मूळ कारण दारिद्र्य हेच मानावे लागते.

वनकायदे व दुष्काळ : तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८५४ मध्ये चांदा ब्रिटिश अंमलाखाली आला. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलाचा मोठा भाग राखीव करण्याचा मार्ग मोकळा झाला. फिरत्या शेतीवर बंधने आली व वनोपज गोळा करणे ही हक्काऐवजी सवलत ठरली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत सरकारने खाद्य वनोपज गोळा करण्यासाठी जंगले लोकांना खुली केली. अन्नासाठी जंगल किती आवश्यक आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होती. परंतु संकट सरताच बंधने पूर्ववत झाली. मोहफुलाकडे तर शासनाने अन्नापेक्षा दारूचा कच्चा माल म्हणूनच पाहिले. स्वातंत्र्योत्तर दारूबंदी कायद्यातही ही दृष्टी टिकून राहिली. राज्य शासनाने फुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध २०२१ मध्ये शिथिल केले.

आधुनिक काळ : जमीनदारी व मालगुजारी १९५१ मध्ये नष्ट झाली. रोजगार हमी योजनेमुळे टंचाईच्या काळात मजुरी मिळू लागली. अंत्योदय योजनेने (२०००) अतिगरीब कुटुंबांस स्वस्त धान्य दिले, तर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) पात्र कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किग्रॅ. धान्याचा हक्क दिला. प्रारंभी तांदळाचा दर किलोस ३ रु. होता, जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. यामुळे उपासमारीचे भय कमी झाले व कांडणाचे कष्ट वाचले, हा लाभ मोठा आहे. मात्र गिरणीत पांढऱ्या केलेल्या तांदळाचा कोंडा गेलेला असतो, आणि कोदो–कुटकीचा पेरा मागे पडला. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यावर शहरांत या धान्यांना मागणी आली. परिणामी गरिबाचे धान्य बाजारात महाग होऊ लागले.

वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. त्यानुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना असे हक्क प्राप्त झाले. शिधापत्रिकेने धान्याची तूट भरून निघते. भाजी, फळे, अळिंबी व तेलबिया मात्र तिच्यावर मिळत नाहीत. त्यामुळे स्वस्त धान्य आणि सुरक्षित वनहक्क या एकमेकांच्या पर्यायी नव्हेत, तर परस्परपूरक गोष्टी आहेत, हेच या प्रदेशाच्या आहाराचा इतिहास दर्शवितो.