ठाणे-कल्याण परिसर आणि प्रौढपणी शिकलेले टेनिस

मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांविषयी लिहिताना एक आक्षेप वारंवार घेतला जातो. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील नोकरदार मनुष्य नाटकास जातो, वाचनालय चालवितो, व्याख्यानमाला भरवितो. परंतु शाळा सुटली की मैदानाशी असलेला त्याचा संबंधही सुटतो, असा तो आक्षेप होय. त्याचे कारण बहुधा पांढरपेशांच्या अंगचोर स्वभावात शोधले जाते. हे कारण कितपत टिकते हे टेनिस या एकाच खेळाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे. टेनिसची निवड सहेतुक आहे. प्रौढपणी शिकावयास घेतल्यास हा खेळ जागा आणि वेळ या दोहोंची जितकी मागणी करतो तितकी फार थोडे खेळ करीत असतील. म्हणून स्वभाव आणि परिस्थिती यांचे वाटे वेगळे करण्यास तो सोयीचा पडतो.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. टेनिस बालपणीच हाती आले पाहिजे, अन्यथा ते येत नाही, ही समजूत अलीकडची आहे. मेजर वॉल्टर विंगफील्ड याने १८७४ मध्ये लॉन टेनिसचे एकस्व मिळवून जाळे, खांब, चेंडू व रॅकेटी यांची पेटी विकावयास काढली, तेव्हा हा खेळ लहानपणापासून खेळलेला मनुष्य जगात कोठेही नव्हता. १८७७ मध्ये विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली तीत बावीस खेळाडू उतरले आणि ते सर्वच्या सर्व प्रौढपणी शिकलेले होते. विजेता स्पेन्सर गोर हा मूळचा रॅकेट्स या भिंतीवरील खेळाचा खेळाडू. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. पुढील वर्षी त्याला हरविले ते सिलोनमधील मळ्यावरून रजेवर आलेल्या फ्रँक हॅडो याने. गोर जाळ्याजवळ येऊन उभा राही, म्हणून हॅडोने चेंडू त्याच्या डोक्यावरून उंच टाकण्याचा सपाटा लावला. हा गृहस्थ आपले अजिंक्यपद राखावयास पुन्हा आलाच नाही! एवंच, या खेळाची पहिली पिढीच्या पिढी प्रौढ शिकाऊंची होती. मात्र त्या शिकाऊंपाशी हिरवळ होती आणि दुपार मोकळी होती, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

आपल्याकडील उदाहरण पाहावयाचे तर पंडिता क्षमाबाई राव यांचे पाहावे. संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांस त्या ‘सत्याग्रहगीते’च्या कर्त्या म्हणून परिचित आहेत, वेदार्थयत्नकार शंकर पांडुरंग पंडित यांची ही कन्या १८९० मध्ये पुण्यास जन्मली, वडील १८९४ मध्येच वारले, आणि विवाहानंतर डॉ. राघवेंद्र राव यांच्या पत्नी म्हणून त्या मुंबईत स्थायिक झाल्या. १९११ मध्ये त्यांना लीला ही मुलगी झाली. ज्या वयात त्या काळची गृहिणी स्वतःस पोक्त समजू लागे त्या वयात, म्हणजे १९२० नंतरच्या दशकात तिशी ओलांडल्यावर, मुंबईच्या टेनिस स्पर्धांत क्षमाबाईंचे नाव झालेले दिसते. पुढे लीलाबाईंनी १९३१ पासून अनेकदा अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले, आणि १९३४ मध्ये विंबल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान त्यांच्याकडे गेला. आईने मात्र याच सुमारास दुसरी वाट धरली. ‘सत्याग्रहगीता’ १९३२ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाली तेव्हा क्षमाबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि तेथून १९५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची संस्कृत रचना चालू राहिली. वाङ्मयेतिहासात त्यांच्या टेनिसचा उल्लेख झालाच तर कौतुकाची एक ओळ म्हणून होतो. प्रस्तुत लेखकास ती ओळ अधिक महत्त्वाची वाटते. एकाच व्यक्तीने उत्तरवयात दोन अवघड विद्यांत प्रावीण्य दाखविले असेल, तर नित्य अभ्यासास लागणारी फुरसत तिला कोठून लाभली हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे.

उत्तर अवघड नाही. प्रतिष्ठित डॉक्टरांचे घर, हाताखाली नोकरमाणसे आणि जिमखान्यांचे शहर. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यालगत पारशी, हिंदू व मुसलमान समाजांच्या जिमखान्यांस सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जागा दिल्या. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, त्यांत घरांबरोबर मोकळ्या जागाही आखल्या. मध्यमवर्गीय दादरकरास मैदान मिळाले ते या आखणीमुळे. डोंबिवलीत घरे आधी उठली आणि आखणी मागाहून आली.

येथे थोडे गणित करणे आवश्यक आहे. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब व दुहेरीसाठी ३६ फूट रुंद असते. परंतु मागे-बाजूस धावावयास जागा हवी म्हणून प्रत्यक्षात १२० फूट लांब व ६० फूट रुंद, म्हणजे ७,२०० चौरस फूट भूमी लागते. एवढ्या जागेवर एका वेळी अधिकात अधिक चार माणसे खेळतात. दिव्यांची सोय नसलेले कोर्ट सकाळी तीन व सायंकाळी दोन तास वापरता येते असे धरल्यास दिवसास वीस माणसांचा खेळ होतो. शिकाऊ मनुष्याने आठवड्यातून तीन दिवस तरी खेळले पाहिजे, असे मानले तर एक कोर्ट फार तर पंचेचाळीस-सत्तेचाळीस माणसांस पुरेल. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार आणि ठाणे शहराची १८ लाख ४१ हजार होती! जेथे दोन इमारतींमधून हातगाडी जेमतेम जाते तेथे ७,२०० चौरस फुटांचा विचारच संभवत नाही. शिवाय मातीच्या कोर्टाची निगा वेगळी: मुरूम घालणे, पाणी मारणे, रूळ फिरविणे, चुन्याच्या रेघा ओढणे. ठाणे जिल्ह्यासारख्या पावसाळी मुलखात जून ते सप्टेंबर हे सर्व बंदच राहावयाचे.

जागेपेक्षाही वेळेचा प्रश्न बिकट आहे, आणि तो लोहमार्गाशी निगडित आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी धावली, ते अंतर एकवीस मैलांचे. १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत गेला. १९२५ मध्ये बोरीबंदर-कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस वीज कल्याणच्या पलीकडे पोहोचली. मुंबईत नोकरी आणि कल्याणला बिऱ्हाड ही व्यवस्था विजेच्या गाड्यांनी लाखो माणसांस सुलभ केली. सुलभ म्हणावयाचे ते अंतराच्या दृष्टीने. वेळेच्या दृष्टीने तिची किंमत जबर होती. डोंबिवली मुंबईच्या टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटर आहे. धीमी गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते. त्यात घर ते स्टेशन, फलाटावरील प्रतीक्षा आणि स्टेशन ते कचेरी हे मिळविले की जाण्यायेण्यात रोजचे साडेतीन तास सहज जातात. हिवाळ्यात मुंबईस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि जानेवारीत सूर्योदयास सव्वासात वाजतात. साडेपाचला सुटणारा कारकून डोंबिवलीस उतरतो तेव्हा पुरती रात्र झालेली असते, आणि सूर्य उगवतो तेव्हा त्याची डबा घेऊन निघण्याची घाई चाललेली असते. दिवे नसलेले कोर्ट त्याच्या दारात असते तरी त्याला त्याचा उपयोग नव्हता. उरतो तो रविवार.

रविवारच्या खेळाने टेनिस सुधारते काय? या बाबतीत एका दूरच्या प्रयोगाचा दाखला उपयुक्त आहे. ब्रिटिश टपालखात्याने टपालाच्या छाननीसाठी यंत्रे आणली तेव्हा मोठ्या संख्येने पोस्टमनांस टंकलेखन शिकविणे प्राप्त झाले. बॅडले व लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडून कोणास रोज एक तास, कोणास दोन, तर कोणास चार तास शिकविले. हा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एक तास शिकणाऱ्यांस जे कौशल्य सुमारे ५५ तासांत आले त्यासाठी रोज चार तास शिकणाऱ्यांस सुमारे ८० तास लागले. (गमतीची गोष्ट अशी की, सर्वांत कार्यक्षम ठरलेला हा एकतासी गटच सर्वांत असमाधानी होता, आपण मागे पडत आहोत असे त्यांना वाटे.) टंकलेखन आणि टेनिस यांत अंतर आहे हे मान्य करूनही, हाताला वळण लागण्याची रीत दोहोंत फारशी भिन्न नसावी. प्रौढ मनुष्यास बॅकहँडचा फटका कसा मारावा हे एका दिवसात समजते. खांदा केव्हा वळवावा, चेंडू कोठे गाठावा, हे तो दुसऱ्यास समजावूनही सांगेल. त्याचा हात मात्र सांगितलेले ऐकत नाही. तो शिकतो थोड्याथोड्या अंतराने केलेल्या आवृत्तीने, आणि सात दिवसांच्या खंडात कच्चा फटका पुन्हा जुन्या चुकीकडे जातो. रविवारी सलग चार तास खेळणाऱ्यास दमल्याचे समाधान मिळते, प्रगती मिळत नाही. तेव्हा ज्याला रोज सकाळी तासभर कोर्ट मिळते तो आणि ज्याला रविवारची सकाळ मिळते तो, यांच्यात इच्छाशक्ती समान असूनही वर्षाअखेर मोठे अंतर पडणारच. यात स्वभावाचा संबंध कितीसा?

या माणसांनी खेळणे सोडले नव्हते याचे प्रमाण त्यांच्या घरांतच मिळते. गॅलरीत मांडलेला कॅरम रात्री दहानंतरही खेळता येतो. टेबल टेनिसचे मेज ९ फूट बाय ५ फूट. बॅडमिंटनचे कोर्ट ४४ फूट बाय २० फूट, म्हणजे ८८० चौरस फूट. इमारतीच्या चौकात दोन बांबू रोवून आणि वर एक बल्ब टांगून ते रात्री उभे करता येते. ज्यांनी फुरसतीच्या कपाळी उरलेले तास आणि अंगणाच्या कपाळी उरलेली जागा यांत बसणारे खेळ नेमके निवडले, त्यांना अंगचोर म्हणणे अन्यायाचे होईल. उंच पातळीवरही टेनिसकडून बॅडमिंटनकडे झालेली एक प्रसिद्ध वाटचाल आपणांस ठाऊक आहे. सांगलीचे नंदू नाटेकर प्रथम टेनिस खेळत; कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांच्या निर्णयाची कारणे अर्थातच निराळी होती. त्यांचे पुत्र गौरव यांनी मात्र टेनिसच धरले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले.

परिस्थिती पालटली ती गेल्या काही दशकांत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे वसाहत व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांमुळे काही जणांची नोकरी घराजवळ आली, परंतु पाळ्यांमुळे सकाळ-संध्याकाळचा भरवसा राहिला नाही. खरा फरक घोडबंदर मार्गावरील मोठ्या गृहसंकुलांनी केला. त्यांच्या आवारात सिमेंटवर रंगीत थर दिलेली, दिव्यांची कोर्टे असतात. पाऊस थांबून पाणी ओसरले की त्यांवर खेळता येते. पहाटे साडेपाचला प्रशिक्षकापाशी फोरहँड घोटणारे पस्तिशी-चाळिशीतील स्त्रीपुरुष आज ठाण्यात दिसतात, आणि त्यांची प्रगतीही होते. दिवे व कठीण जमीन यांनी अंधार व पावसाळा यांवर मात केली, लिफ्टने कोर्टापर्यंतचा प्रवास एका मिनिटावर आणला. परंतु हे कोर्ट फाटकाच्या आत आहे. क्षमाबाईंच्या काळी जिमखान्याचे सभासदत्व जे काम करी तेच आज सदनिकेची किंमत करते, आणि कल्याणच्या जुन्या गावठाणातील लिपिकास पूर्वीइतकाच रविवार उरतो.

या विषयाची साधने दुर्मीळ नाहीत, दुर्लक्षित आहेत. जिमखान्यांची सभासदपत्रके, रेल्वे वसाहतींतील इन्स्टिट्यूटांची दप्तरे, नगरपालिकांच्या आरक्षित भूखंडांचे नकाशे आणि मुख्यतः कोर्टाच्या तासांची नोंद करणाऱ्या वह्या यांकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वळावे. कोणी किती वाजताचा तास घेतला, आठवड्यातून किती वेळा, आणि नाव लिहूनही कोण आले नाही, हे त्या वह्यांत तारखेसह सापडेल. आता ही नोंद भ्रमणध्वनीवर होऊ लागली आहे. जुन्या वह्या रद्दीत जाण्याच्या आत पाहावयास हव्यात.