डोक्याला मार लागलाय? अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका

ऑगस्ट २०१९. लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसला आणि स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटीतला हा पहिला 'कन्कशन' बदली खेळाडू.

कन्कशन म्हणजे काय?
डोक्याला हिसका बसून मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड होणं. माणूस बेशुद्ध पडतोच असं नाही. सीटी स्कॅनही बहुतेकदा नॉर्मल येतो. डोकं दुखतं, चक्कर येते, उजेड सहन होत नाही.

विश्रांती किती?
पूर्वी लक्षणं जाईपर्यंत झोपून राहायला सांगत. आता पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल कमी, मग हळूहळू चालणं. डोकेदुखीला ० ते १० गुण द्या. चालताना ती २ पेक्षा जास्त गुणांनी वाढली तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाला.

फिजिओथेरपी कशासाठी?
त्याच हिसक्यात मानही दुखावते आणि मानेचं दुखणं डोक्यात जाणवतं. डोकेदुखी किंवा चक्कर दहा दिवसांहून जास्त टिकली, तर फिजिओ मानेचे सांधे आणि स्नायू तपासून व्यायाम देतात. चक्करेसाठी अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवण्यासारखे व्यायाम असतात.

लगेच हॉस्पिटल कधी?
वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायात अशक्तपणा, गुंगी किंवा बरळणं दिसलं तर थांबू नका. आणि मार लागला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी.