पाण्याचे विद्युत् विच्छेदन : इतिहास

घर्षणविद्युत् यंत्राने पाण्याचे विघटन करण्यात डच संशोधकांना १७८९ मध्ये यश आले. परंतु हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्रच मिळाले. व्होल्टा यांच्या घटमालेचे वृत्त पत्राने लंडनला पोहोचताच निकल्सन व कार्लाइल यांनी २ मे १८०० रोजी तिच्या पितळी तारा पाण्यात बुडविल्या. एकीवर हायड्रोजनाचे बुडबुडे आले, दुसरी काळवंडली. प्लॅटिनमाची तार घेतल्यावर तेथे ऑक्सिजन मिळाला. मूळ वृत्ताआधीच त्याचे हे फळ छापले गेले, हे व्होल्टा यांच्या दृष्टीने अन्याय्यच म्हणावे लागेल. एकाच कणाचे घटक दूरदूरच्या तारांवर कसे प्रकटतात, हे कोडे मात्र उरले. रिटर यांनी पाणी संयुगच नव्हे, असे मानले. पाण्याच्या कणांच्या साखळीत घटकांची अदलाबदल होते, ही उपपत्ती ग्रोटहुस यांनी १८०५ मध्ये मांडली.