मॉडेल विमानांची जुनी इंजिने कशी जपावीत?
वांद्र्यासारख्या समुद्रकाठच्या उपनगरात कपाटात पडून राहिलेल्या मॉडेल विमानांच्या इंजिनांना दमट हवेमुळे गंज चढतो. १९४६ साली ब्रिटनमध्ये आलेल्या 'मिल्स १.३' सारख्या डिझेल इंजिनांत ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण वापरतात. हे एरंडेल कालांतराने डिंकासारखे घट्ट होऊन पिस्टन अडकतो. अशा वेळी पंखा बळजबरीने फिरवू नये. केस वाळवण्याच्या यंत्राने इंजिन कोमट करावे. तरीही न सुटल्यास ते थंड करून, ज्योतीपासून दूर, रॉकेलात भिजत ठेवावे. पिस्टन व सिलिंडर एकमेकांशी घासून जुळवलेले असतात. तेथे खोल ओरखडा पडला, तर दाब टिकत नाही आणि इंजिन कायमचे मुके होते. वापरानंतर उरलेले इंधन काढून पातळ यंत्रतेलाचे काही थेंब आत सोडावेत.