डोळ्याच्या पडद्याचे राखणदार : म्युलर पेशींच्या शोधाचा इतिहास

१/८ नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी पहिल्याच वर्षी दृष्टिपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याचे, दहा थर पाठ करतो. त्यांतील दोन सीमाथर एकाच प्रकारच्या पेशीच्या दोन टोकांपाशी तयार होतात. ही पेशी ओळखायला विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला.

२/८ १८५१ साली जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे हाइनरिश म्युलर यांना दृष्टिपटलाच्या जाडीतून आरपार गेलेले उभे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पुढे या तंतूंना त्यांचेच नाव मिळाले.

३/८ त्याच काळात रुडॉल्फ फिरखो हेही वुर्ट्सबुर्गला प्राध्यापक होते. मेंदूतील चेतापेशींमधल्या ऊतीला त्यांनी १८५६ मध्ये ‘न्यूरोग्लिया’ म्हटले. ग्रीक भाषेत ‘ग्लिया’ म्हणजे सरस, डिंक. नावासोबत समजही रूढ झाला : या पेशी केवळ चिकटवण्यापुरत्या.

४/८ १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची रीत शोधली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती वापरून दृष्टिपटलाची अजोड चित्रे रेखाटली. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. मात्र मृत ऊतीत पेशीचा आकार दिसतो, तिचे कार्य दिसत नाही.

५/८ कलाटणी मिळाली ती विषामुळे. १९५७ मध्ये ल्यूकस आणि न्यूहाउस यांनी उंदरांच्या पिल्लांना ग्लुटामेट टोचले. त्यांच्या दृष्टिपटलाचे आतील थर नष्ट झाले. आणि हेच ग्लुटामेट दृष्टिपटलातील चेतापेशींचे निरोप पोहोचवणारे प्रमुख रसायन आहे, हे पुढे स्पष्ट झाले. निरोप देऊन झाल्यावर ते तसेच साचले, तर चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात.

६/८ मग रोज पाहणारा डोळा शाबूत कसा राहतो? म्युलर पेशी हे ग्लुटामेट शोषून घेतात, त्याचे निरुपद्रवी ग्लुटामाइन करतात आणि चेतापेशींना परत देतात. साचलेले पोटॅशियमही त्याच वाहून नेतात.

७/८ २००७ मध्ये जपानी संशोधकांनी ग्लुटामेट शोषणारे एक प्रथिन नसलेले उंदीर तपासले. डोळ्यातील दाब वाढलेला नसतानाही त्यांच्यात काचबिंदूसारखी हानी आढळली. त्याच वर्षी लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवले की, म्युलर पेशी प्रकाशतंतूंप्रमाणे प्रकाशही आत पोहोचवतात.

८/८ या राखणीला मर्यादा आहेत. इजा मोठी असली तर याच पेशी व्रण निर्माण करतात. झेब्राफिश माशात त्यांच्यापासून नव्या चेतापेशी घडतात. माणसात गेलेली चेतापेशी आपोआप परत येत नाही. म्हणूनच काचबिंदूवरील संशोधनात आज चेतापेशींबरोबर त्यांच्या राखणदारांचाही अभ्यास होतो. नाव मात्र अजूनही ‘ग्लिया’च आहे.